इंग्रजी अमदानीतली साहसकथा: सरकारी दप्तरातला पुरावा किती पाळायचा?

गिरगावकर

आमच्या दादरच्या लेखकमंडळींच्या बैठकीत परवा एकाने सांगितलं, "इंग्रजांच्या काळातली साहसकथा लिहायची तर पाठलाग रंगवा. तपशिलांचं ओझं विद्वानांनी वाहावं." मला हे अजिबात मान्य नाही. साहसकथेत तपशील म्हणजेच कथानक. नायकाला किती अंतर कापायचंय, किती वेळात, कमरेला पैसे किती आणि हातातली बंदूक पुन्हा भरायला किती वेळ लागतो, यावरच वाचकाचा जीव टांगणीला लागतो. हे खोटं असेल तर संकटही खोटंच.

१८८१ साल घ्या. मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेवर चालायचं आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर, म्हणजे अर्धा तास पुढे. गावातल्या घड्याळात साडेनऊ झाले की बोरीबंदरच्या फलाटावर दहा वाजलेले असायचे. त्याच वर्षी गव्हर्नर जेम्स फर्ग्युसनने सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली. लोक इतके बिथरले की दोनेक वर्षांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. आता एक कारकून चोरलेला कागद घेऊन फोर्टातून निघालाय असं समजा. कचेरीचं घड्याळ एक वेळ दाखवतंय, घरचं दुसरी, आणि गाडी नेमकी कोणत्या दहाला सुटणार यावर त्याची मान अवलंबून आहे. असा पेच कोणी मनाने रचला असता तर संपादकाने तो ओढूनताणून आणलेला म्हणून कापला असता. इथे तो घडलेला आहे, नुसता उचलायचा. तो सोडून आपण त्या कारकुनाला व्हीटीच्या घुमटाखाली उभं करतो! तिथलं बांधकाम १८७८ला सुरू झालं आणि १८८८ला पुरं झालं.

दुसरं उदाहरण हल्लीच वाचलेल्या एका हस्तलिखितातलं. साल १८५७, नायक रात्री मुंबईत गाडीत बसतो आणि सकाळी पुण्यात उतरतो. तेव्हा गाडी खोपोलीपर्यंतच जायची. पुढे बोरघाट पायी, तट्टावर नाहीतर पालखीतून चढायचा आणि वर खंडाळ्याहून सडकेने पुणं गाठायचं. घाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. लेखकाने नायकाला गाडीत बसवलं आणि घाटातली अख्खी रात्र हातची घालवली. पाळत, पाऊस, पालखीचे भोई, फितुरी, सगळं तिथे होतं.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जुन्या सरकारी कागदांचं पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. मुंबईत राहून या काळावर लिहिणाऱ्याने या दोन्ही जिन्यांची ओळख नसताना लेखणी उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचनवेडी

वाचक म्हणून सांगते. विरार लोकलमध्ये उभ्याने वाचते मी. एका कादंबरीत ऐन हल्ल्याच्या वेळी लेखकाने एनफिल्ड बंदुकीची माहिती सुरू केली: काडतूस दाताने फोडायचं, दारू नळीत ओतायची, गजाने ठासायची... पान संपेना. पुस्तक मिटलं. अभ्यास दिसला की गोष्ट मरते. शिपाई मिनिटाला फार तर तीन बार काढू शकत असेल, तर मला त्या दोन बारांमधली भीती द्या, बंदूक नको.

सह्यकडा

गिरगावकर, तुमची घड्याळाची गोष्ट आवडली. पण पुढचं काहीच पटत नाही. सरकारी कागदांच्या ज्या खंडांसाठी तुम्ही जिने चढायला सांगता, ते खंड लिहिले कोणी? इंग्रजांविरुद्ध उठलेल्या रामोशी उमाजी नाईकाला पुण्यात १८३२ मध्ये फाशी दिलं आणि पुढच्याच वर्षी रामोश्यांवरचं पुस्तक आलं, लेखक कॅप्टन मॅकिंटॉश. तसाच बंडखोर राघोजी भांगरे, त्याला ठाण्यात १८४८ मध्ये फाशी. कागदात दोघेही दरोडेखोर. त्या कागदाला प्रमाण मानून लिहायला बसलं की दहाव्या पानापर्यंत आपण साहेबाच्या डोळ्यांनी डोंगर बघायला लागतो.

तुम्ही बोरघाटाचं नाव काढलंत म्हणून त्याबद्दलच बोलते, कारण मी त्यावरच लिहितेय. घाटातल्या रेल्वेचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढचं काम त्याची बायको ॲलिस हिने आपल्या नावावर पुरं करवलं. तिचं नाव इतिहासात आहे, आणि असावं. पण ऐन भरात त्या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर माणसं राबत होती. पटकीने, तापाने, सुरुंगाने, कड्यावरून पडून हजारोंनी मेली. त्यांत पाट्या वाहणाऱ्या बायाही होत्या. त्यांचा आकडा मिळतो, नाव मिळत नाही. माझी नायिका त्यांच्यातली आहे आणि कुठल्याच खंडात ती मला भेटणार नाही. पुराव्याची अट घातली की साहस करायचा हक्क ज्यांची नोंद झाली त्यांनाच उरतो: कंत्राटदार, कप्तान, कलेक्टर.

दर्यावर्दी

वरळी कोळीवाड्यातून लिहितोय. पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद, हे दोघांनी कसं धरून चालवलंत? कान्होजी आंग्र्यांवरच्या गोष्टी मी हावरटासारख्या वाचतो. एकीत भर आषाढात गुराबा आणि गलबतं, म्हणजे शिडाची लढाऊ जहाजं, खांदेरी बेटाभोवती पाठलाग करतायत. नारळी पुनवेआधी शिडाचं गलबत त्या दर्यात कोण घालतो? हे कळायला फोर्टात जायची गरज नाही, आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. पाऊस सरल्यावर, उघाडीत, रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो होडीला बाहेर नेतो. दुपारी खारं वारं आत आणतं. म्हणजे मुंबईच्या बंदरातून शिडाने पळायचं तर पहाटेच्या आत, आणि परतायचं तर दुपारनंतर. तुमच्या प्रकरणाची वेळ वाराच ठरवतो. इंग्रजांच्या कागदात कान्होजी समुद्री चाचा असेल नाहीतर सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, वारा दोघांना सारखाच.

गिरगावकर

दर्यावर्दी, हे मला पूर्ण मान्य. भरती, वारा, पाऊस हेही दप्तरच आहे.

सह्यकडा, कागदातली विशेषणं घ्या असं मी कुठे म्हटलं? ज्युडिशियल डिपार्टमेंटच्या खंडात बंडखोराला दरोडेखोर म्हटलेलं असतं. पण त्याच्यामागे किती शिपाई धाडले, बक्षीस किती लावलं, कोणत्या सावकाराने तक्रार केली, हेही तिथेच असतं. सरकार किती घाबरलंय ते सरकारच्याच अक्षरात वाचता येतं. देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतंय यावर नजर ठेवायला सरकार त्यांचे इंग्रजी गोषवारे करवून घ्यायचं. त्यातली कित्येक वर्तमानपत्रं आज हाती लागत नाहीत, गोषवारे टिकलेत.

आणि आपल्या माणसाचं लिखाण आपोआप शुद्ध असतं, असंही नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापलं ते स्वतःचे फेरफार करून. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये बाहेर आणला. चाळणी दोन्हीकडे आहे, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे. नायिकेचं नाव तुम्ही खुशाल ठेवा. तिची मजुरी, तिला खालून वर चढायला लागणारा वेळ, पटकीची साथ आली तो महिना, एवढं मात्र मनाने ठरवू नका.

वाचनवेडी

तिची मजुरी किती होती हे मला पान भरून नको. बाजारात ती कशावर हात ठेवते आणि कशावरून काढून घेते, त्यातून कळू दे.

सह्यकडा

मजुरी शोधीनच, त्यावर वाद नाही. पण तुमच्या अटीत एक गोष्ट सुटते. ती बाई मुकादमाला मनात काय म्हणत होती, मेलेलं पोर पुरून दुसऱ्या दिवशी पाटी उचलायला का आली, रात्री तळावर काय गायची, हे तपशील दुय्यम नाहीत. माझ्या गोष्टीत गाडीच्या वेळेपेक्षा तेच मोठे आहेत. त्यासाठी मी जात्यावरच्या ओव्यांकडे जाईन, आणि त्या कोणत्या सालच्या हे मला कोणी विचारू नये.

गिरगावकर

ओव्या घ्याच. पण तुमची टोळी जूनमध्ये काय करते ते आधी ठरवा. पावसाळ्यात घाटाचं काम बरंचसं थांबायचं आणि मजूर पांगायचे. नायिका तेव्हा तळावर दाखवलीत तर ती का थांबली याला कारण लागेल.

सह्यकडा

कारण आहे. नवऱ्याने घेतलेली उचल फिटलेली नाही, म्हणून मुकादम तिला सोडत नाही. बाकीचे उतरतात, ती राहते आणि तिसऱ्या प्रकरणात पळते. असा हिशेब कोणत्या खंडात मिळेल ते सांगा, उद्याच अर्ज करते. मिळाला तर आकडा बदलीन, नाही मिळाला तरी ती पळणारच.