नव्या वेज घेऊ का? ग्रीनजवळ आले की खेळ ढासळतो

पांडवकडा | ७ एप्रिल

नमस्कार. वय ४९, गोल्फ सुरू करून सहा वर्षं झाली, हँडिकॅप २४ (आकडा कमी तितका खेळ चांगला). खारघर व्हॅलीच्या गोल्फ कोर्सवर शनिवार-रविवार सकाळी खेळते. ड्रायव्हर फार लांब जात नाही पण सरळ जातो, पटिंग बरं आहे. मधलं सगळं ढासळतं.

परवाचंच सांगते. पार ४ (चार फटक्यांत संपवायचं होल), दोन चांगले फटके, बॉल ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक छाटलेल्या हिरवळीच्या, काठापासून बारा पावलांवर. पहिली चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) मारली तर वेज, म्हणजे अशा फटक्यांचा तिरप्या तोंडाचा क्लब, बॉलच्या चार बोटं मागे जमिनीत रुतली आणि बॉल हातभर पुढे सरकला. दुसऱ्या वेळी धार बॉलच्या पोटावर बसली, बॉल ग्रीन ओलांडून पलीकडच्या वाळूच्या बंकरमध्ये. त्या होलवर सात लिहिले. हे एकदा झालं असतं तर विचारलं नसतं. गेल्या दहा राउंडची कार्डं काढून बसले. ग्रीन चुकल्यावर एक चिप आणि एक पट एवढ्यात सुटले, असं राउंडमागे जेमतेम एकदा झालंय. त्या रात्री झोप लागली नाही.

बॅगेत सध्या बारा क्लब आहेत. आयर्न दोन वर्षांपूर्वी घेतले, ग्रॅफाइट शाफ्टचे (दांड्यांचे), त्यातली पिचिंग वेज ४४ अंशांच्या लॉफ्टची (फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, मागे झुकलेली असते तो कोन). सँड वेज ५६ची, दिरांनी वापरून मला दिलेली, २००८ सालची. तिचे ग्रूव्ह (फेसवरच्या खाचा) नखाला लागतही नाहीत. पिचिंग वेज पूर्ण मारली की ९० यार्ड, सँड वेज ६२. मधलं काही आलं की अंदाजपंचे.

दुकानात ५२, ५६, ६० असा तिघींचा संच दाखवला, प्रत्येकी १६ हजार. पैसे मी दिवाळीपासून बाजूला ठेवलेत, पण एकदाच खर्च करायचाय, म्हणून नीट करायचाय. तिन्ही घेऊ का? आणि वेज बदलल्यावर खरंच फरक पडतो का?

देवळाली_निवृत्त | ७ एप्रिल

ताई, ६०ची घेऊ नका. आमच्या छावणीत पूर्वी ग्रीन नव्हतेच, ब्राउन होते: वाळूत तेल मिसळून, दाबून केलेला सपाट गोल. त्यावर उंच उडवलेला बॉल कुठे जाईल सांगता येत नसे. म्हणून आम्ही आठ नंबरच्या आयर्नने बॉल अलीकडे टाकून घरंगळत न्यायला शिकलो, आणि आज ७१व्या वर्षी तेच माझ्या कामी येतंय. एप्रिल-मेमध्ये ग्रीनसमोरची जमीन वाळून कडक झालेली असते. तिथे मध्ये बंकर नसेल तर काठाबाहेरून सरळ पटर काढा. त्यात कमीपणा नाही.

फिरकी_मास्तर | ८ एप्रिल

आधी गणित. ४४ आणि ५६ यांत १२ अंशांची दरी आहे. तुमच्या ९० आणि ६२ मधले २८ यार्ड तिथेच हरवलेत. हल्लीच्या आयर्न संचात पिचिंग वेजचा लॉफ्ट कमी करत आणलाय, बॉल लांब गेल्यासारखा वाटावा म्हणून. जुन्या संचांत ती ४८च्या आसपास असायची, त्यामुळे ५६ शेजारी आली तरी चालून जायचं. ४४ नंतर ५० आणि मग ५६ घेतलीत तर सहा-सहाच्या सारख्या पायऱ्या होतात. ५२ने पहिली पायरी आठची होईल आणि नव्वदच्या खालचा खड्डा राहीलच.

आता दुकानदार सहसा बोलत नाहीत तो आकडा: बाउन्स. वेज जमिनीवर सरळ टेकवली की पुढची धार किंचित वर असते आणि तळाचा मागचा भाग जमिनीला लागतो. हा कोन म्हणजे बाउन्स. ४ ते ६ असेल तर कमी, ७ ते १० मध्यम, त्यापुढे जास्त. क्लब रुतू नये, तळावर घसरत पुढे जावा, हे त्याचं काम. सँड वेज जन्मालाच त्यासाठी आली. अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेनने तेव्हाच्या निब्लिक नावाच्या क्लबच्या तळाला डाग देऊन धातू चढवला, वाळूत धार खुपसण्याऐवजी तळ घसरू लागला, आणि १९३२ची ब्रिटिश ओपन त्याने तो क्लब घेऊन जिंकली. लॉफ्टपेक्षा तळ महत्त्वाचा, हे इतकं जुनं आहे.

तुमच्या कोर्सवर दोन जमिनी आहेत. उन्हाळ्यात मुरमासारखी, जुलैत चिखल. फार कमी बाउन्स पावसात बुडेल, फार जास्त असेल तर उन्हाळ्यात आपटून उसळेल आणि धार पुन्हा बॉलच्या पोटावर. म्हणून ५०ला ८ आणि ५६ला १०, एवढं मागा.

ग्रूव्हबद्दल. त्यांचं काम टायरच्या नक्षीसारखं आहे, गवत आणि पाणी बाजूला सारायचं. कोरड्या, छाटलेल्या फेअरवेवर झिजलेली वेजही बऱ्यापैकी फिरकी देते. फरक कळतो तो गवतात आणि दवात. तुम्ही पहाटे खेळता, म्हणजे तो तुम्हाला नक्की कळेल. ओल्या फेसवर बॉल पकड न मिळता वर सरकतो, उंच उडतो आणि पडल्यावर थांबत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. दुकानात टांगलेल्या बहुतेक वेजना पुरुषांचे जड स्टील शाफ्ट असतात, १२०-१३० ग्रॅमचे. तुमच्या आयर्नचे ग्रॅफाइट साधारण त्याच्या निम्म्या वजनाचे असतील. नऊ नंबरच्या आयर्ननंतर वेज हातात घेतली की लय मोडणार. ग्रॅफाइटच मागा, थांबावं लागलं तरी.

सोमवारचा_गडी | ९ एप्रिल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वरच्या दोघांनी सांगितलं ते बरोबर आहे. पण चार बोटं मागे रुतली आणि लगेच पुढची पोटावर बसली, हे वाचून मला तुमचे हात दिसले.

मी बाराव्या वर्षी पुण्यात कॅडी (खेळाडूंची बॅग वाहणारा) म्हणून लागलो, वडीलही कॅडी होते. आता शिकवतो. तेव्हा सोमवारी कोर्स मेंबरांना बंद असायचा आणि आम्हा पोरांना खेळायला मिळायचा. चौघांत मिळून एक सँड वेज, एका साहेबांनी टाकून दिलेली. डोकं हलत होतं, ते आम्ही अॅराल्डाइट लावून बसवलेलं. इतर दिवशी शेडमागे मुरमाची पट्टी होती, तिथे सराव. मुरमात धार घुसली की कोपरापर्यंत झिणझिण्या जायच्या. दहा-पंधरा वेळा तसं झालं की हात आपोआप शिकतो की धार खाली न्यायची नाही, तळ टेकवायचा. बाउन्स हा शब्द मला पुढे आठ-दहा वर्षांनी कळला. आम्ही आवाजावरून ओळखायचो. खच्च आलं म्हणजे धार. थप् आलं म्हणजे तळ. आजही शिकवताना मी बॉलकडे बघत नाही, कान देऊन उभा राहतो.

मला खात्री वाटते की तुम्हाला कुणीतरी सांगितलंय: चिपला बॉल उजव्या पायाशी ठेवा, हात पुढे दाबा. बहुतेकांना हेच सांगतात. पण हिशेब करा. हात पुढे नेऊन दांडा दहा अंश झुकवला की दहाचा बाउन्स शून्य झाला. सोळा हजारांची वेज घ्या, तिचा तळ तुम्ही वापरणारच नाही, धारच जमिनीत जाणार. आणि एकदा रुतली की पुढच्या वेळी मन घाबरतं, हात बॉल वर उचलायला जातात, मग धार पोटावर. तुमच्या दोन्ही चुका एकाच घरातल्या आहेत.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी पंधरा दिवस जुन्याच वेजवर हे करा. पाय जवळ, वीतभर अंतर. बॉल मधोमध, दांडा जवळजवळ उभा. वजन थोडं डाव्या पायावर आणि तिथेच राहू दे. छाती वळवा, मनगटं मोकळी. हरळीवरून तळ सर्र घासत गेला पाहिजे. (बर्म्युडा बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळीच. ती आडवी पसरते, म्हणून पात्यांची दिशा बघा. पाती तुमच्याकडे झुकलेली असतील तर क्लब अडकतो, तिथे धार चालतच नाही, तळच लागतो.)

सराव मैदानावर चिमूटभर रांगोळी घेऊन जा. गवतावर रेघ ओढा, बॉल न ठेवता रेघेवर वीस वेळा वेज फिरवा. गवत रेघेवर किंवा तिच्या जरा पुढे घासलं गेलं पाहिजे. रेघेच्या मागे खूण दिसली की समजायचं वजन उजव्या पायावर राहिलं. वीसपैकी पंधरा जमेपर्यंत बॉल काढू नका. मी पोरांना असंच शिकवतो आणि पहिल्या आठवड्यात ती कंटाळतात, हेही सांगून ठेवतो.

जुन्या वेजचा तळ उलटा करून उजेडात धरा आणि कुठे घासलाय ते सांगा. झीज खोटं बोलत नाही.

६०ची आत्ता नको. तिला लांब झोका लागतो, आणि झोका लांब झाला की चूकही मोठी. जुनी ५६ काढून ५० आणि ५६ घ्या, तरी बॅगेत चालतात तेवढे चौदा क्लब होत नाहीत, एक जागा रिकामी राहील. राहू दे.

पांडवकडा | १० एप्रिल

दादा, आत्ता गॅलरीत उजेडात बघितलं. तळाचा मागचा भाग अजून नव्यासारखा आहे. पुढच्या धारेलगत मात्र पट्टा चकचकीत घासलाय. दिरांची उंची आणि खेळ वेगळा, पण गेली चार वर्षं ती मीच वापरतेय. आणि हो, बॉल उजव्या पायाशी, हात पुढे, हेच मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. सहा वर्षं मी ते मनापासून पाळलं. वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. रांगोळी घरात आहेच.

सोमवारचा_गडी | १० एप्रिल

मनाला लावून घेऊ नका ताई. ती पद्धत चुकीची नाही, वेगळ्या जागेसाठी आहे. बॉल खड्ड्यात किंवा उघड्या मातीवर बसला असेल तेव्हा हात पुढेच लागतात. प्रत्येक चिपला नाही, इतकंच.

पांडवकडा | २४ मे

कळवायला उशीर झाला. सात आठवड्यांचा हिशेब देते.

पहिले पंधरा दिवस फक्त रांगोळी आणि जुनी वेज. कंटाळा आला, दादांनी सांगितलं होतं म्हणून टिकले. अकराव्या दिवशी पहिल्यांदा थप् ऐकू आलं. हाताला काही जाणवलंच नाही इतकं हलकं, म्हणून पुन्हा मारून बघितलं की खरंच लागला का. त्यानंतर खच्च आलं की मान वर न करताही कळायला लागलं.

वेज दोनच घेतल्या. ५० अंश आणि ८ बाउन्स, ५६ अंश आणि १० बाउन्स, दोन्ही ग्रॅफाइट. मागवायला तीन आठवडे लागले. फिरकी_मास्तर, तुमचे खास आभार, कारण दुकानात स्टीलची हातात घेऊन बघितली आणि खांदा ओढला गेला. तिथे विचारलं नसतं तर तीच उचलून आणली असती.

छोट्या फटक्यांचे अमेरिकी प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांची घड्याळाची पद्धत वापरून अंतरं लिहून काढली. डावा हात मागे साडेसातला, नऊला, साडेदहाला नेऊन प्रत्येकी दहा बॉल. ५०ची: ४०, ५८, ६९. ५६ची: ३१, ४७, ५७. पूर्ण झोका ५०चा ७७, ५६चा ६४. ही कार्डाएवढी चिठ्ठी बॅगेला बांधलीय. आता ७५ यार्ड राहिले तर पोटात गोळा येत नाही.

गेल्या पाच राउंडमध्ये एक चिप एक पट अशी सुटका एकूण सतरा वेळा झाली. देवळालीच्या काकांचं ऐकून त्यातल्या चार वेळा पटरच काढला होता, त्याही मोजल्यात. हँडिकॅप २२ झालाय.

देवळाली_निवृत्त | २४ मे

शाबास! त्या चार माझ्या खात्यावर.

पांडवकडा | २१ जून

एकच विचारते. इकडे पाऊस लागलाय, पांडवकड्याचा धबधबा वाहायला लागला. बंकरमधली वाळू भिजून दगडासारखी घट्ट बसलीय. उन्हाळ्यात फेस उघडून (आकाशाकडे वळवून) छान बाहेर येत होते, काल तसंच केलं तर वेज वाळूवर आपटली आणि बॉल सरळ समोरच्या भिंतीत.

सोमवारचा_गडी | २१ जून

फेस उघडला की बाउन्स वाढतो. मऊ, कोरड्या वाळूत तो हवाच, पण ओल्या घट्ट वाळूत तळ आत शिरतच नाही. तिथे फेस सरळ ठेवा, बॉलच्या मागे दोन बोटांवर मारा, वाळू कमी घ्या, झोका लहान. बॉल जरा खालून निघेल आणि पळेल, त्यामुळे झेंड्याच्या अलीकडे टाका. आणि बंकरमध्ये पाणी साचलेलं असेल तर आधी कुठे विनादंड कोरडी जागा मिळते ते बघा, बंकरच्या आतच, पण झेंड्याच्या आणखी जवळ नाही. मगच क्लब काढा.