मदत हवी आहे: मानेत मज्जारज्जूवर दाब, एमआरआयमध्ये पांढरा सिग्नल. ऑपरेशननंतर हात किती सुधारतो?

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारतेय. वय ६६, मधुमेह आहे, तंबाखू-सिगारेट काही नाही. दिवाळीपासून शर्टाची बटणं लावता येईनात. मग चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. मान फारशी दुखत नाही, त्यामुळे उपचार मधुमेहाचेच चालू होते. बँकेत सही जुळेना म्हणून पेन्शनचा कागद परत आला, तेव्हा न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मधल्या बोटाचं टोक खाली झटकलं, तर अंगठा आपोआप आत वळला. हे मज्जारज्जूवर दाब असल्याचं लक्षण असू शकतं, म्हणून तिथेच मानेचा एमआरआय लिहून दिला.

मानेच्या मणक्यांमध्ये सी ४-५ आणि सी ५-६ (चौथा-पाचवा आणि पाचवा-सहावा मणका) या दोन जागी सरकलेली चकती आणि वाढलेलं हाड मिळून मज्जारज्जू दाबला गेलाय. एमआरआयमध्ये टी-१ आणि टी-२ अशी दोन प्रकारची चित्रं असतात; टी-२ चित्रात तिथे पांढरं दिसतं, टी-१ मध्ये काळं नाही. डॉक्टरांनी समजावलं की टी-२ मधला फिकट, धूसर कडांचा पांढरेपणा सुजेचाही असतो आणि दाब काढल्यावर कधीकधी ओसरतो. पण कडा ठळक असल्या आणि त्याच जागी टी-१ मध्ये काळं असलं, तर कायमचं नुकसान झालेलं असण्याची शक्यता जास्त. बाबांचं या दोहोंच्या मधलं आहे. एमजेओए गुण (हातपाय किती चालतात वगैरे बघून मज्जारज्जूचा त्रास मोजतात ते; गुण कमी तितका त्रास जास्त) १८ पैकी १३, म्हणजे मध्यम. १२ ते १४ मध्ये ऑपरेशनच सुचवतात, नुसत्या व्यायामावर थांबत नाहीत.

ऑपरेशन करायचं हे आमचं ठरलंय. अडलंय ते पुढून की मागून यावर. एक सर्जन पुढून दोन्ही चकत्या काढून केज-प्लेट (चकतीच्या जागी आधाराचा ठोकळा आणि वर पट्टी) बसवू म्हणतात. दुसरे मागून लॅमिनोप्लास्टी (मणक्याची मागची कमान उघडून मज्जारज्जूला जागा करून देणं) सुचवतात, पण आधी सीटी करून मणक्यांमागचा लिगामेंट हाडासारखा कडक झालाय का ते बघणार आहेत. माझा कल पुढून करण्याकडे आहे, कारण मानेचा नैसर्गिक बाक जाऊन ती सरळ झालीय आणि दाबही पुढूनच आहे. गिळायला काही दिवस त्रास होतो, हे मात्र दोघांनीही सांगितलं. खांदा उचलता न येण्याचा धोकाही सांगितला. तो बहुतेकांचा काही महिन्यांत भरून येतो म्हणे.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा: बोटांची पकड परत आली का, की आहे तिथेच थांबली? किती महिन्यांनी फरक जाणवला? मधुमेह असताना जखम भरायला वेळ लागला का? फिजिओथेरपी कधी सुरू केली?

एक कळकळीची विनंती, मालीश किंवा मान मोडून घेण्याचे पत्ते देऊ नका. मज्जारज्जू दबलेला असताना मानेला झटका देणं धोक्याचं आहे, आणि बाबांना ते सुचवणारे घरी रोज येतात.

सीटी येत्या बुधवारी आहे. त्याआधी कोणी लिहिलंत तर दोन्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न पक्के करता येतील.