रॉंग साईडवाल्यांचे व्हिडिओ पाठवले तर खरंच चालान फाटते का? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरकर
भाऊ लोकं, एक विचारायचं होतं. रोज सकाळी पोरीला शाळेत सोडायला छत्रपती चौकातून जातो अन् त्या डबल डेकर पुलाखाली तोच तमाशा, समोरून रॉंग साईडनं ॲक्टिव्हा येऊन राहिली, मालवाहू ऑटो येऊन राहिला, परवा तर एक टिप्परवाला आला, अन् हॉर्न मारला तर उलटे आपल्यालाच डोळे दाखवतात. बायको म्हणते व्हिडिओ काढा अन् इन्स्टावर टाका, आपोआप सुधरतील. गडकरी साहेब २०२२ मध्ये बोलले होते ना, चुकीच्या पार्किंगचा फोटो पाठवणाऱ्याला १००० च्या दंडातले ५०० देऊ म्हणून? मला पैसे नकोत, समोरच्याचं चालान फाटलं म्हणजे झालं. कुठे पाठवायचं, व्हिडिओत काय काय दिसलं पाहिजे, अन् तो माणूस भांडायला घरी आला तर काय करायचं? कोणी केलं असेल तर सांगा.

बर्डीवाला
महाट्रॅफिक ॲप टाका. तुमचे स्वतःचे चालान पाहायचं तेच ॲप, त्यात नागरिकांनी तक्रार टाकायचीही सोय आहे. आधी स्वतःचे चालान पाहून घ्या म्हणजे बीपी सेट होईल 😄

काळा कोट
इन्स्टाचा नाद सोडा सगळ्यात आधी. नंबर प्लेट अन् चेहरा दाखवून "हा पाहा गुंडा" लिहिलं की तो बदनामीची नोटीस पाठवू शकतो, अन् पोलिसांकडे तक्रार नसेल तर तुमच्या हातात लाईक सोडून काहीच नाही. रस्त्यावर शूटिंग करणं गुन्हा नाही, पुढे तुम्ही त्याचं काय करता तिथे भानगड होते.

दुसरं, गाडी चालवता चालवता हातात मोबाईल धरून शूट करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात मोबाईल धरणं हेच धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येते, पहिल्याच वेळी १००० ते ५००० दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही ज्याची तक्रार करून राहिले त्याच कलमात तुम्हीच बसाल. मागे बसलेल्यानं काढावा नाहीतर सरळ डॅशकॅम, म्हणजे गाडीलाच लावायचा कॅमेरा.

तिसरं, जे डोळ्याला दिसते त्याचीच तक्रार करा. सिग्नल तोडणं, रॉंग साईड, ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, हे व्हिडिओत दिसते. "लय जोरात होता" हे नाही दिसत. कॅमेऱ्यावरून स्पीडचं चालान करायचं तर त्या यंत्राला मंजुरीचं सर्टिफिकेट लागते, केंद्रीय मोटार वाहन नियमातला १६७ अ पाहा, २०२१ चा आहे. तुमचा फोन त्यात बसत नाही. म्हणून आपला व्हिडिओ म्हणजे तक्रार समजा, चालान करायचं की नाही ते पोलीस ठरवतील.

अन् फाईल कापू नका, गाणं लावू नका, आधीचं-नंतरचं थोडं राहू द्या. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ टाकला की तो दाबल्या जाते अन् नंबर पुसट होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रकरण कोर्टात गेलं तर नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागते, तेव्हा ओरिजनल तुमच्याकडेच पाहिजे.

पार्सलवाला_३१
मी डिलिव्हरी करतो. सगळे लोक व्हिडिओ काढा व्हिडिओ काढा करून राहिले, पण व्हिडिओत सापडते कोण ते सांगू? मी. माही प्लेट स्वच्छ आहे, टीशर्टवर कंपनीचं नाव आहे. टिप्परचा नंबर चिखलानं माखलेला असते, तो कोणत्या कॅमेऱ्यात वाचता येते बे? काळ्या काचवाल्या गाडीसमोर मोबाईल काढायची हिंमत आहे का कोणाची? गरिबाचाच व्हिडिओ निघते.

अन् हो, मी पण जातो कधी कधी रॉंग साईडनं, खोटं काऊन बोलू. डिव्हायडरमधला कट बंद केला की समोरच्या बिल्डिंगमध्ये जायले केवढा फेरा पडते. दुपारी ४५ डिग्रीत तुम्ही जाऊन दाखवा.

त्रिमूर्तीनगरकर
@पार्सलवाला भाऊ तुमचं पटते, पण माझी पोरगी समोर उभी राहते स्कूटरवर, तिला काय माहीत तुमचा कट बंद आहे.

काळा कोट
@त्रिमूर्तीनगरकर समोर उभी करू नका हो पोरीला. कोणी तुमचाच व्हिडिओ काढेल. चार वर्षांच्या वरचं लेकरू असेल तर हेल्मेट पण लागते.

नकाशावाली
पार्सलवाल्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. एकाच जागी रोज वेगवेगळे लोक रॉंग साईड येत असतील तर तिथे रस्त्यातच काहीतरी गडबड आहे, त्या जागेचे व्हिडिओ एकेका माणसाच्या नावानं पाठवण्यापेक्षा सगळे मिळून मनपाला अन् ट्रॅफिकला पाठवा, की या कटपाशी हे असं होते. सरकारी हिशोबात ब्लॅक स्पॉट व्हायला ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू लागतात, म्हणजे आधी माणसं मरू द्या मग बोर्ड लावू. आपल्याकडे २०२१ मध्ये आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला, मनपाच्या बसमध्ये कॅमेरे बसवले, ड्रायव्हरला आधीच इशारा मिळते अन् कुठे वारंवार इशारे वाजतात त्यावरून पुढे ब्लॅक स्पॉट होऊ शकणाऱ्या जागा हुडकतात, त्याला ग्रे स्पॉट म्हणतात. मला तो विचार फार आवडला. आपले व्हिडिओ पण तारीख-वेळ-जागा लिहून एका फोल्डरमध्ये टाकले तर तसाच उपयोग होईल.

बर्डीवाला
मनपाला पाठवा म्हणे 😂 मॅडम, माझ्या घरासमोरचं झाकण अजून उघडंच आहे.

नकाशावाली
त्याचाही व्हिडिओ पाठवा मग.

सदर_सायकल
बक्षिसाचं विचारलं म्हणून सांगतो. दिल्लीत सप्टेंबर २०२४ पासून ट्रॅफिक प्रहरी ॲप आहे, जास्त तक्रारी करणाऱ्याला महिन्याचं पहिलं बक्षीस ५०,०००. गोव्यात २०१७ मध्ये पॉइंटवाली स्कीम आली, १०० पॉइंटला १००० रुपये, तर तिकडे फोटो काढणाऱ्यांवरच लोक भडकले. पैसा आला की पोट्टे झाडामागं लपून बसतात, जिथे बिना हेल्मेटवाले सोपे सापडतात तिथेच, खरा धोकादायक ड्रायव्हर राहते बाजूला. वेल्समध्ये २०१६ पासून पोलीस डॅशकॅमचे व्हिडिओ घेतात, बक्षीस नाही, उलट पाठवणाऱ्यानं जबाब द्यायचा अन् लागलं तर कोर्टात यायची तयारी ठेवायची. मला हे बरं वाटते, फालतू पाठवणारे आपोआप गळतात.

घरी भांडायला येण्याबद्दल, तक्रारीचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. बातमी तिथूनच फुटते.

मेडिकल_चौक
लहान पोट्ट्यांचं काय हो? आमच्या इकडे आठवी-नववीतले बुलेट घेऊन ट्यूशनला येऊन राहिले. त्यांचा व्हिडिओ?

काळा कोट
पाठवा, पण फक्त पोलिसांना. चेहरा कुठेच पोस्ट करायचा नाही, कायद्याच्या कचाट्यात आलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख जाहीर करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये गुन्हा आहे. अन् मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ मध्ये खरा दणका मायबापाला किंवा गाडीमालकाला, २५,००० दंड अन् तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. गुन्हा दाखल झाला तर, अर्थात.

त्रिमूर्तीनगरकर
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. इन्स्टा कॅन्सल, बायकोला हा धागा वाचून दाखवला, ती म्हणते मग मागे बसून मीच काढते. स्कूटरला लावायचा छोटा कॅमेरा कोणी वापरते का? पावसात टिकते का?

सदर_सायकल
वॉटरप्रूफ लिहिलेला पाहूनच घ्या, अन् रात्री नंबर प्लेट वाचता येते का ते दुकानातच विचारा, बरेचसे रात्री फक्त पांढरा ठिपका दाखवतात. कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसल्या जाते, म्हणून काही झालं तर त्याच दिवशी घरी येऊन फाईल उतरवून घ्यायची. तारीख-वेळ सेट करायचं विसरू नका, माझ्या मित्राच्या कॅमेऱ्यात अजून १९७० सुरू आहे.