मदत हवी आहे: 'द सी डेव्हिल्स'चे पहिले तीन भाग पुसट, पुढचे तीन खणखणीत. डिस्क बदलून घ्यावी का?

धागाकर्ता
'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतली १९७२ची सहा भागांची कथा, २००८च्या ब्रिटिश डीव्हीडी संचातली. भाग १ ते ३ पुसट आहेत. कॅमेरा आडवा फिरला की माणसांच्या कडांना सावली सुटते, चाल अडखळते. भाग ४ सुरू होताच चित्र स्वच्छ. प्लेअर मल्टि-रीजन (कुठल्याही देशाची डिस्क चालवणारा), टीव्ही ४३ इंची, जोडणी एचडीएमआयने. शिवाय अधूनमधून कर्कश किरकिर येते. दोष डिस्कचा, प्लेअरचा की स्पीकरचा?

जुनी_फीत
डिस्क परत करू नका. फरक नेमका तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या सांध्यावर पडतोय, त्यातच उत्तर आहे.

बीबीसीकडे भाग ४ ते ६च्या मूळ रंगीत टेपा राहिल्या; १ ते ३च्या पुसल्या गेल्या. त्या तीन भागांच्या एनटीएससी (उत्तर अमेरिकेतली टीव्ही पद्धत) प्रती पुढे कॅनडातून मिळाल्या. ब्रिटनच्या पाल पद्धतीचं चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र). एनटीएससी ५२५ ओळींचं, जवळपास ६० फील्ड. म्हणजे पाच फील्डांची सहा करायची. जास्तीचं आणायचं कुठून? शेजारच्या फील्डांची सरमिसळ करून. माणूस खुर्चीत बसलेला असेल तर हे खपून जातं. तो चालू लागला की आधीची जागा आणि नंतरची जागा एकाच चित्रात येतात. तुमची 'सावली' ती हीच.

डीव्हीडीसाठी रिव्हर्स स्टँडर्ड्स कन्व्हर्जन केलं आहे. सरमिसळ कोणत्या क्रमाने झाली ते हुडकून ती उलटी सोडवायची, अशी ही पद्धत. चाल बरीचशी परत मिळते. रूपांतरात गेलेला उभा बारकावा मात्र गेला तो गेलाच.

आणि डिस्क बिघडली की चौकोनी ठोकळे उमटतात, चित्र गोठतं, आवाज तुटतो. ती पुसट होत नाही.

पन्नास_हर्ट्झ
वरचं सगळं मान्य, पण अडखळणं सरसकट टेपेच्या माथी मारू नका. भाग ५ लावा आणि कॅमेरा आडवा फिरतो तिथे नीट बघा. तिथेही गचके बसत असतील तर दोष घरातला आहे.

प्लेअरच्या मेन्यूत 'टीव्ही सिस्टिम' शोधा. मल्टि-रीजन प्लेअरांत ते अनेकदा एनटीएससीवर असतं. मग प्लेअर चांगल्या पाल चित्राचंही ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० फील्ड) करतो, म्हणजे सोडवलेली सरमिसळ पुन्हा घालतो. ते पाल किंवा ऑटो करा आणि आउटपुट ५७६आय किंवा ५७६पी ठेवा. टीव्हीच्या 'इन्फो' बटणावर ५० हर्ट्झ दिसलं पाहिजे. मोशन स्मूदिंग बंद करा (दर कंपनीचं नाव वेगळं, मेन्यूत धुंडाळा), नाहीतर टीव्ही त्या सावल्यांनाच खऱ्या कडा समजून मधली चित्रं रचतो आणि माणसं वितळल्यासारखी दिसतात. शार्पनेस वाढवायचा मोह टाळा. सावलीलाच पांढरी किनार येते. प्रमाण ४:३, बाजूला काळे पट्टे राहू द्या.

संगणकावर बघत असाल तर व्हीएलसी या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस (फील्डांची पूर्ण चित्रं करणं) 'ऑन', मोड 'याडिफ २एक्स'. साध्या याडिफने ५० फील्डांच्या २५ फ्रेम होतात आणि स्टुडिओतल्या दृश्यांची सळसळ मरते.

धागाकर्ता
मेन्यूत एनटीएससीच होतं! पाल केलं. भाग ५ आता लोण्यासारखा सरकतो. १ ते ३मधले गचके खूप कमी झाले, पुसटपणा तसाच. किरकिर राहिलीच.

खारा_वारा
ती किरकिर नव्हे, पार्श्वसंगीत आहे! बीबीसी रेडिओफॉनिक वर्कशॉप या इलेक्ट्रॉनिक ध्वनी विभागाच्या माल्कम क्लार्कने ईएमएसच्या सिंथी १०० या अवाढव्य सिंथेसायझरवर केलेलं. स्पीकर उघडण्याआधी एक तपासा: संवाद चालू असताना शब्द फाटतात का? नसतील तर स्पीकर ठणठणीत आहे. ट्रेबल कमी करू नका, संवाद गुदमरतील.

आणखी एक. भाग ४ ते ६मध्येही बाहेरची दृश्यं दाणेदार आणि आतली गुळगुळीत दिसतील. बाहेरचं चित्रण १६ मिमी फिल्मवर, स्टुडिओतलं व्हिडिओवर. तेव्हा बीबीसीची रीतच ती. त्यावर सेटिंग शोधत बसू नका.

चित्र ताळ्यावर आलं का, याची माझी कसोटी सी डेव्हिलच्या, म्हणजे कथेतल्या समुद्री प्राण्याच्या, अंगावरचा जाळीचा झगा. भाग ५मध्ये जाळीची भोकं सुटी दिसली पाहिजेत. मग मानेकडेही बघा. कासवासारखं ते डोकं नटाच्या डोक्यावर टोपीसारखं बसवलेलं असायचं, नट बघायचा मानेतून. म्हणून वळताना आधी धड वळतं आणि डोकं मागून हिंदकळतं. तो हिंदकळा प्लेअरचा नव्हे!

पन्नास_हर्ट्झ
त्याच संचातली १९७०ची सिल्युरियनांची (सरड्यासारख्या प्राण्यांची) 'डॉक्टर हू' कथा लावाल तेव्हा पुन्हा धागा काढू नका :) तिची रंगीत टेप उरलेली नाही. तपशील १६ मिमी कृष्णधवल फिल्मचा आणि रंग अमेरिकेतल्या घरगुती रेकॉर्डिंगमधून घेतलेला. रंग कडेबाहेर ओघळलेले दिसतील. टीव्हीवरचा 'कलर' वाढवलात तर आणखी ओघळतील.

धागाकर्ता
ब्लू-रे घेतली तर १ ते ३ सुधारतील का?

जुनी_फीत
नवव्या सीझनचा ब्लू-रे संच २०२३चा. कॉम्प्रेशनचा त्रास कमी होतो, पण स्टुडिओतल्या दृश्यांचा उगम त्याच टेपांत, तेव्हा ३ आणि ४मधला सांधा जाणवणारच. विकत घेण्याआधी डब्यामागचा रीजन बघा. ब्लू-रेत भारत सी विभागात, ब्रिटन बी विभागात. डीव्हीडीला मल्टि-रीजन असलेला प्लेअर ब्लू-रेलाही तसा असेलच असं नाही. दुकानदाराला हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.