डिसअफेक्शनला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

केवडा:
टिळकांच्या १८९७ च्या खटल्यावरची एक इंग्रजी पुस्तिका शाळकरी मुलांसाठी मराठीत आणतेय आणि डिसअफेक्शनवर अडलेय. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या राजद्रोहाच्या कलम १२४-अ मधला शब्द. मी 'असंतोष' लिहिलं, संपादकांनी खोडून 'अप्रीती' केलं, सरकारी तर्जुम्यात तेच आहे म्हणून. आठवीतल्या पोराला अप्रीती कळेल का? शिवाय कलमात ती दुसऱ्याच्या मनात निर्माण करणं आहे, त्याला एखादं चांगलं क्रियापद सुचवा.

काळाकोट:
संपादक बरोबर आहेत. असंतोष आपण आधीच अनरेस्टला देऊन बसलोय, 'असंतोषाचे जनक' तिथूनच आलं. आणि सरकारच्या धोरणावर नापसंती दाखवणं गुन्हा नाही असं कलमाच्या स्पष्टीकरणातच होतं, म्हणजे अर्थ वेगळाच. न्या. स्ट्रॅचींनी ज्यूरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा अभाव, आणि त्यात द्वेष, वैर, तिरस्कार, सगळी दुर्भावना घातली. ६ युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, ३ भारतीय निर्दोष, टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी. प्रीतीचा अभाव म्हणजे अप्रीती, चपखल आहे.

बखरप्रेमी:
म्हणूनच नको! अप्रीती लिहिलं की त्या जज्जाचा अर्थ आपण निमूट कबूल केला. एखाद्यावर प्रेम नसणं आणि त्याच्याशी वैर धरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो. आपल्याकडे 'बेदिली' आहे की, पेशवाईतली पत्रं काढून बघा, सरदार बेदिल झाले, फौज बेदिल झाली. निष्ठा उडाली हाच अर्थ.

मुळाक्षर:
परत फारसी कशाला? कौटिल्याने हीच गोष्ट सांगितलीय, प्रजा क्षीण झाली की लोभी होते, लोभी झाली की विरक्त होते आणि विरक्त प्रजा शत्रूला जाऊन मिळते नाहीतर धन्यालाच मारते. अनुरक्तच्या उलट विरक्त. इतका नेमका शब्द घरात असताना उसनवारी का करायची?

बखरप्रेमी:
आज विरक्त म्हटलं की भगवी कफनी डोळ्यासमोर येते. शब्द लोक वापरतात त्या अर्थाने चालतो, कोशातल्या नाही. आणि बेदिली उसनी कशी, साडेतीनशे वर्षं आपण बोलतोय ती.

गावकूस:
आमच्याकडे सातारा भागात 'मन उठलं' म्हणतात. आजी म्हणायची, गड्याचं मन उठलंय, आता कितीबी दे, राहायचा न्हाई. आणि दुसऱ्याचं मन उठवणाऱ्याला कान भरतो म्हणायचे, नाहीतर फितवतो. केवडाताई, मुलांना 'सरकारविरुद्ध लोकांची मनं फितवणं' लगेच कळेल बघा.

काळाकोट:
फितवण्यात माणूस आपल्या बाजूला ओढणं येतं, इथे ते लागत नाही. दुसरं म्हणजे गांधीजींनी १९२२ ला अहमदाबादच्या कोर्टात नेमका हाच शब्द पकडला होता, प्रेम काही कायद्याने निर्माण करता येत नाही असं म्हणाले. बेदिली किंवा मन उठणं घेतलंत तर ते उत्तर मराठीत उभंच राहणार नाही, त्याला प्रीती-अप्रीतीच पाहिजे.

बखरप्रेमी:
हा मुद्दा जोरदार आहे, पण गांधीजींचं वाक्य केवडाताईंच्या पुस्तिकेत आहे का? खटला १८९७ चा आहे. आणि मग १९०८ ला टिळकांनी कोर्टात केसरीच्या लेखांच्या इंग्रजी भाषांतरावरच आक्षेप घेतले होते त्याचं काय? मराठी शब्द इंग्रजीत जाताना भडक झाले असं त्यांचं म्हणणं. आता उलट दिशेने आपण तेच करायचं?

मुळाक्षर:
त्यापेक्षा मोठी चूक रोज होते. टीव्हीवाले १२४-अ ला सर्रास 'देशद्रोह' म्हणायचे. कलमात सरकार होतं, देश नव्हता. राजद्रोह म्हणा.

गावकूस:
राजा कुठं राहिलाय आता?

मुळाक्षर:
राज म्हणजे राज्यसत्ता, राजा नव्हे. राजभाषा, राजपत्र म्हणता ना?

काळाकोट:
२०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १२४-अ जाऊन तिचं कलम १५२ आलं, त्यात डिसअफेक्शन शब्दच नाही, पण सार्वभौमत्व, एकता, अखंडता आहे. म्हणजे आता लोक देशद्रोह म्हणतील ते अगदीच चूक म्हणता येणार नाही.

मुळाक्षर:
येईल. द्रोह कुणाचा हे त्या कलमात कुठे लिहिलंय ते दाखवा, मग बोलू.

केवडा:
मंडळी, क्रियापदाचं राहिलंच. चेतवणं की फितवणं? प्रत सोमवारी जायचीय.

बखरप्रेमी:
आधी नाम ठरू दे. बेदिली चेतवत नाहीत, पसरवतात.