कचरा कमी, भट्ट्या जास्त: क्षमता अजून वाढवायची का?

धागाकर्ता: कचऱ्यापासून वीज असो की ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्रकल्पाचं सगळं गणित कचरा मिळत राहील या गृहीतकावर उभं असतं. कचरा जाळून वीज बनवणाऱ्या भट्टीचं कर्ज फिटायला २०-२५ वर्षं लागतात. म्हणून पालिकांशी अनेकदा करारच असा होतो की ठरलेला कचरा द्या, नाही दिला तरी पैसे भरा. मग कचरा कमी करण्यात पालिकेला फायदा काय? डेन्मार्कमध्ये भट्ट्या इतक्या झाल्या की परदेशातून कचरा आणावा लागला. शेवटी २०२० मध्ये जाळण्याची क्षमता २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवण्याचा राजकीय करार झाला. नव्या भट्ट्यांना परवानगी देणं थांबवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १: पूर्ण असहमत. तो आयात कचरा जाळला नसता तर त्यातला बराचसा डम्पिंग ग्राउंडवर कुजला असता. त्यातून निघणारा मिथेन २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. युरोपीय संघाला २०३५ पर्यंत शहरी कचऱ्यापैकी जास्तीत जास्त १० टक्केच पुरायचा आहे. बाकीचा जाणार कुठे?

धागाकर्ता: त्याच वर्षासाठी ६५ टक्के पुनर्वापराचंही लक्ष्य आहे, ते का सोडलंत? दोन्ही आकडे एकत्र धरले तर जाळायला साधारण २५ टक्केच उरतो.

प्रतिसाद २: बायोगॅसला भट्टीच्या पंक्तीत बसवू नका. तिथली अडचण वेगळी आहे. ब्रिटनमध्ये अन्नकचरा वेगळा गोळा होण्याआधीच प्रकल्प उभे राहिले. त्याच कचऱ्यासाठी ओढाताण झाली, गेट फी (कचरा घेण्यासाठी प्रकल्प आकारतो ती रक्कम) कोसळली, काही सौद्यांत तर शून्याखाली गेली, म्हणजे प्रकल्पच कचऱ्याचे पैसे मोजू लागला. इंग्लंडमध्ये घरोघरचा अन्नकचरा दर आठवड्याला उचलण्याच्या नियमाची तारीख ३१ मार्च २०२६, तोवर बायोगॅसच्या कितीतरी टाक्या अर्धपोटी. टाकी बंद ठेवून चालत नाही, जिवाणूंना रोज खाद्य लागतं. कचरा नाही मिळाला तर शेतातलं पीक आत जातं. जर्मनीत मका इतका शिरला की २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी त्यावर ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आधी वर्गीकरण आणि संकलन, मग टाकी.

प्रतिसाद १: संकलनाची वाट बघत बसलात तर टाकी कधीच होणार नाही. वेगळा केलेला कचरा न्यायला जागाच नसेल तर लोक वर्गीकरण सोडून देतात.

प्रतिसाद २: मग छोट्या टाक्या बांधा आणि कचरा वाढेल तशी भर घाला. भट्टीला ती सोय नाही.