दुखत नव्हतं, तरी दाखवलं: गोव्यातले अनुभव

स्तनाचा कर्करोग वेळीच कळला, उपचार झाले, आता बऱ्या आहात? मग लिहा. नाव नको, गाव पुरे. मी सुरुवात करते.

डिचोली: आरोग्य केंद्रात 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा'चं शिबिर होतं, शेजारीण एकटी जायला तयार नव्हती म्हणून गेले. तिथल्या ताई हातात मावेल एवढं यंत्र छातीवर टेकवत गेल्या नि म्हणाल्या, "डावीकडे कडक लागतंय, सोनोग्राफी करून घ्या." त्या यंत्राने कर्करोग ठरत नाही; तो ठरला बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला तेव्हा. गाठ लहान. तरी मी हट्टाला पेटले, सगळंच काढा! सर्जननी बसवून सांगितलं की, गाठीपुरता भाग काढून नंतर शेक (रेडिएशन) दिला तरी आयुष्य तेवढंच मिळतं. कर्करोग पसरला तर आधी जिथे पोचतो ती काखेतली पहिली ग्रंथी तपासली, ती स्वच्छ निघाली, म्हणून बाकीच्यांना हात लावला नाही.

फोंडा: मला केमो लागली. लाल औषधानंतर लघवी लाल झाली आणि घरात रडारड. ते औषधाचंच असतं, हे आधी कोणी सांगायला नको? तोंड आलं तेव्हा उकड्या तांदळाची गार पेज तेवढी जायची. केस परत आले, कुरळे!

पेडणे: माझी गाठ हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेली. त्यावरचं औषध ट्रास्टुझुमॅब वर्षभर, ते हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून मध्ये मध्ये हृदयाचा एको (सोनोग्राफी). चुकवू नका.

मडगाव (नवरा लिहितोय): ऑपरेशन झालं की सुटलो, असं वाटलं होतं. टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोनला अडवणारी गोळी, पाच वर्षं आहे. रात्री तिला घामाच्या धारा, पंखा फुल्ल. मी डिसेंबरात काय, मेमध्येही गोधडीत. गोळी मात्र बंद नाही.

काणकोण: माझ्या काखेतल्या ग्रंथी काढल्या. पुढे हात सुजला. फिजिओथेरपी नि दाबपट्टीने उतरतो. त्या हाताला बीपी, सुई शक्यतो नको म्हणालेत. आदोळीवर नारळ किसताना, मासळी कापताना बोट कापलं तर लगेच धुऊन औषध लावते, लालसर दिसलं की डॉक्टरकडे.

साखळी: मला पाळीच्या आधी गाठ लागते, दुखतेही. थांबू का?

डिचोली: पाळीनंतर विरली तरी एकदा दाखव बाय. राहिली तर त्याच आठवड्यात. आणि "काही नाही" एवढ्यावर उठू नको, सोनोग्राफीची चिठ्ठी माग.